काकांकडे पत्ते मांडले की मी काय करू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी इंदूरचा, रामबागेत राहतो, वय ३४. आधी तीन पत्ती, मग मोबाइलवर रमी, त्यात बायकोचे दागिने गहाण पडले. मागच्या होळीपासून सगळं बंद आहे, डॉक्टरांकडेही जातो. पण मोठ्या काकांकडे लक्ष्मीपूजनानंतर रात्रभर पत्ते चालतात, नाही बसलो तर "भिया, शगुनाची एक बाजी तर लाव" सुरू होतं. बायको सोडून घरात कोणाला काही माहीत नाही. नाही गेलो तर काका रागावतील, गेलो तर स्वतःचाच भरवसा नाही.

उत्तर: पूजेला जा, पत्त्यांना थांबू नकोस. प्रसाद घेतला, काका-काकूंच्या पाया पडलास की निघायचं, आणि हे तिथे जाऊन नाही ठरवायचं, आधीच ठरवायचं. पोरांना सांगून ठेव की आज राजवाड्यावर लायटिंग बघायला जायचंय, मग तीच तुला हात धरून ओढतील. नुसतं बघत बसतो असंही नको. एका पत्त्याने ट्रेल (तीन सारखे पत्ते) हुकली की मेंदूला ते हरणं वाटतच नाही, जवळजवळ जिंकल्यासारखंच वाटतं, मग ती बाजी दुसऱ्याची का असेना.

पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात, शंकर-पार्वती पण खेळले होते वगैरे कोणीतरी ऐकवेलच (दरवर्षी एक जण असतोच असा). वाद घालू नकोस, "मी सोडलंय" एवढं पुरे. आणि एकाला तरी खरं सांगून टाक बाबा. काकूंना सांग, त्या काकांना बरोबर सांभाळतील. सगळ्या खानदानाला सांगायची काही गरज नाही.

मला पत्त्यांपेक्षा तुझ्या बोनसची जास्त काळजी वाटते. पैसे खात्यात आले की डोकं लगेच हिशोब करतं, एवढे लावले, एवढे आले तर दागिने सुटतील. दारुड्याला दारूने कर्ज फिटेल असं कधी वाटत नाही, जुगाऱ्याला मात्र जुगारानेच फिटेल असं वाटतं, म्हणून हा नाद जास्त लबाड. बोनस आला त्याच दिवशी बायकोच्या खात्यात टाक किंवा सरळ गहाण सोडवायला भर, यूपीआयची लिमिट कमी करून घे, पाडव्याच्या ओवाळणीचं पाकीट पण आधीच तिच्याकडे देऊन ठेव, तेवढ्यासाठी एटीएमला जायला नको.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, मोठ्या अॅप्सनी ते खेळ बंद केले, पण टेलिग्रामवर बाहेरच्या साइटींच्या लिंका येतातच, तेही नंबर आत्ताच ब्लॉक कर.

तलफ आलीच तर तिथून उठ, बाहेर चक्कर मार, कोणाला तरी फोन लाव, बहुतेकदा अर्ध्या तासात जोर ओसरतो. त्या दिवशी दारू तर बिलकुल नको. आणि समज बसलासच, हरलास, तर वसूल करायला दुसरी बाजी लावू नकोस, त्याच रात्री बायकोला सांग आणि दिवाळी संपायची वाट न बघता डॉक्टरांना फोन कर. तेही सुट्टीवर असतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास.