हिवाळ्यात काचघरात जाऊन बस जरा

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज मिळाला. अंधारात निघतो, अंधारात परत येतो, सुट्टीच्या दिवशी दिवसभर लोळलो तरी अंगातली मरगळ जात नाही, हे वाचून मला नवल वाटलं नाही रे. लांबलचक हिवाळ्याच्या शहरात पहिल्यांदा राहायला गेलेल्या बऱ्याच जणांचं मधल्या महिन्यांत असंच होतं. जिम लाव, लवकर उठ हे सल्ले बाकीचे देतीलच, मी वेगळं सांगते. तुझ्या शहरात बोटॅनिकल गार्डनचं ग्लासहाऊस असेल, कुठे कुठे त्याला कन्झर्व्हेटरी म्हणतात, तिथे जायला लाग. एकदा बघून आलो, फोटो टाकले, झालं, असं नको. दर आठवड्याला जा आणि तिथे तासभर नुसता बस.

आता तू म्हणशील झाडं बघून काय होणार. आधी उजेडाचं बघ. ऑफिसात सगळे दिवे लावले तरी साधारण 300 ते 500 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असतो, आणि बाहेर आभाळ अगदी भरून आलेलं असलं तरी दुपारी काही हजार लक्स सहज असतो, पण आपले डोळे इतके पटकन सरावतात की एवढा फरक आपल्याला जाणवतच नाही. थंडीत बाहेर थांबवत नाही म्हणून तो उजेड आपल्या वाट्यालाच येत नाही. ग्लासहाऊसला डोक्यावर काच असते, काच आणि सांगाडा थोडा उजेड खातात ते सोड, पण तिथे स्वेटर काढून आकाशाखाली बसता येतं, ही गोष्ट हिवाळ्यात दुसरीकडे कुठे मिळणार? म्हणून जायचं ते भर दुपारी, साडेअकरा ते दोनच्या मधे. संध्याकाळी लायटिंगचे शो असतात, छान असतात, पण तुझ्या कामाचे नाहीत.

एक मात्र सिरीयसली ऐक. हिवाळ्यातल्या डिप्रेशनला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर हे नाव 1984 मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं, आणि त्यावर सकाळी अर्धा तास 10,000 लक्सच्या दिव्यासमोर बसवतात, म्हणजे हे काही आळशीपणाचं नाटक नाही. झोप, भूक, काम सगळंच बिघडलं असेल तर सरळ डॉक्टरकडे जा, झाडांच्या भरवशावर राहू नकोस.

आत शिरलास की पहिल्यांदा चष्म्यावर वाफ धरेल, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर पण. धरू दे. बाहेरच्या गार हवेत बाष्प मुळातच कमी असतं, तीच हवा घरात हीटरने तापवली की अजून कोरडी लागते, म्हणून तर तुझे ओठ फुटतात आणि सकाळी घसा खरखरतो. ट्रॉपिकल हाऊसमध्ये उलट, हवा दमट, ओल्या मातीचा वास, पाच मिनिटांत नाक मोकळं होतं. जाकीट लॉकरमध्ये टाक, आतून पातळ टीशर्ट घालून जा, नाहीतर घामाघूम होशील आणि अर्ध्या तासात पळून येशील.

ऑर्किडपाशी गर्दी असते, तिथे फार रेंगाळू नकोस (मला स्वतःला ऑर्किडचे प्रदर्शनी ताटवे जरा भपकेबाजच वाटतात, असो). केळीचं झाड शोध. मधून वर आलेला पोगा दिसेल, घट्ट गुंडाळलेली फिकट हिरवी सुरळी. पुढच्या आठवड्यात ये, ती एका कडेने सुटायला लागलेली असेल, आतला भाग इतका कोवळा की उजेड आरपार दिसतो, आणि त्याच्या पुढच्या खेपेला बहुतेक अख्खं पान पसरलेलं असेल. उबेत केळीला आठदहा दिवसांत नवं पान येतं, हिवाळ्याच्या मंद उजेडात थोडं जास्त लागतं एवढंच. बाहेर तीन महिने सगळं गोठून एकसारखं दिसतंय, तेव्हा दर आठवड्याला काहीतरी पुढे सरकलेलं डोळ्यांनी बघायला मिळणं, माझ्या मते तिथे जायचं खरं कारण हेच आहे.

कोको असेल तर तोही बघ, खोडालाच फुलं येतात त्याला, नखाएवढी, जवळ गेल्याशिवाय दिसतच नाहीत, आणि पुढे त्याच खोडाला भल्यामोठ्या शेंगा लटकतात. दमटपणाचा कंटाळा आला की कॅक्टसच्या दालनात जा, तिथे कोरडं असतं आणि डोक्यावर पानांची दाटी नसल्यामुळे उजेड सगळ्यात जास्त. थंड दालनात कॅमेलिया ऐन हिवाळ्यात फुलतात.

आणि ही उब फुकट येत नाही बरं का. लंडनच्या क्यू गार्डन्स या बोटॅनिकल गार्डनमधलं पाम हाऊस नावाचं ग्लासहाऊस 1844 ते 1848 मध्ये बांधलं, तेव्हा जमिनीखाली कोळशाच्या भट्ट्या होत्या आणि धूर बोगद्यातून लांबच्या एका चिमणीकडे नेला होता, ती चिमणी पण इटालियन मनोऱ्यासारखी सजवलेली, कोणाला कळू नये म्हणून! त्याच क्यूमध्ये कुंडीतलं एक सायकॅड आहे, म्हणजे ताडासारखं दिसणारं एक झाड, 1775 मध्ये क्यूसाठी झाडं गोळा करणाऱ्या फ्रान्सिस मॅसनने दक्षिण आफ्रिकेहून आणलेलं. 1819 मध्ये त्याला शंकू आला (या झाडांना फुलांऐवजी शंकू येतात) तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स मुद्दाम बघायला गेले होते. तुझ्याकडच्या ग्लासहाऊसमध्ये पण असं एखादं म्हातारं झाड असणार, तिथल्या माळ्याला विचार. ते लोक गप्पिष्ट असतात, हिवाळ्यात त्यांच्याकडे येतंय कोण, आणि तू सध्या कोणाशी धड बोलत नाहीयेस हे पण मला दिसतंय.

एकटा कंटाळलास तर ऑफिसमधल्या कोणालातरी घेऊन जा, फक्त सेल्फीवाला नको. पुस्तक ने, हेडफोन नको, पाण्याचा आवाज असतो तिथे. दर आठवड्याला जाणार असलास तर वर्षाचा पास आहे का बघ, आणि बरीच ठिकाणं सोमवारी बंद असतात तेव्हा निघण्याआधी वेळ बघून घे. पोग्याचं काय झालं ते कळव मला.

तुझी,
ताई