मुलीला अ‍ॅनोडायझिंगच्या प्लांटमध्ये पाठवू का?

ताई, पत्र वाचलं. मुलगी कोल्हापुरात बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला, चाकणच्या अ‍ॅनोडायझिंग युनिटमधून ट्रेनीची ऑफर आलीये आणि तुमचे दीर म्हणतात एवढं शिकून काय कल्हई लावत बसणार का. त्यांना सांगा कल्हईपण केमिस्ट्रीच आहे, नवसागराने तांब्यावरचा ऑक्साइड निघतो म्हणून तर कथील धरतं.

अ‍ॅल्युमिनियमचं बरोबर उलटं. त्याच्यावर हवेतच ऑक्साइडचा थर येतो पण तो जेमतेम तीन-चार नॅनोमीटरचा, रत्नागिरीसारखी खारी हवा लागली की खड्डे पडतात, पांढरी पावडर सुटते. म्हणून पार्ट सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या टाकीत प्लसला जोडून तोच थर मुद्दाम 10 ते 25 मायक्रॉनपर्यंत वाढवायचा, मग गरम पाण्यात त्याची छिद्रं बंद करायची, हेच अ‍ॅनोडायझिंग. टाकी साधारण 20 डिग्रीला धरावी लागते, तापली तर थर भुसभुशीत होतो आणि अख्खा लॉट रिजेक्ट. टाकीत अ‍ॅसिड किती उरलं, अ‍ॅल्युमिनियम किती विरघळलं हे रोज टायट्रेशन करून (ब्युरेटच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून मोजून) बघतात, म्हणजे ब्युरेट काही सुटत नाही तिची!

घरात मल्टिमीटर असेल तर कंटिन्युइटीवर (बीपच्या खुणेवर) ठेवून गंमत बघा, साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला दोन्ही पिना लावल्या की बीप वाजतो, काळ्या हार्ड अ‍ॅनोडाइज्ड तव्याला वाजत नाही, कारण थरातून करंटच जात नाही.

स्कोप म्हणाल तर गाड्या हलक्या करायची सगळ्यांनाच घाई आहे. स्टीलची घनता घन सेंटिमीटरला 7.85 ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची 2.7, मॅग्नेशियमची तर 1.74. पण मॅग्नेशियमला स्टीलचा बोल्ट लावला आणि तिथे पाणी साचलं की बोल्ट शाबूत आणि मॅग्नेशियम खलास, त्यामुळे कोटिंग समजणारा माणूस लागतोच. सुरुवातीचा पगार मात्र बेताचाच असणार, उगाच स्वप्नं दाखवत नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे. तिथे क्रोमेटची (धातूवर क्रोमियमच्या संयुगाचा थर देण्याची) लाइन आहे का, असेल तर क्रोम सहा वापरतात की क्रोम तीन (क्रोमियमची दोन वेगवेगळी रूपं) हे तिने थेट विचारावं. क्रोम सहा कॅन्सरकारक आहे. वाफ ओढायची सोय आणि सांडपाण्याचा प्लांट स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायचं, दाखवायला टाळाटाळ केली तर पगार कितीही असो, नको.

सगळं ठीक असेल तर वर्षभर करू द्या, नंतर एमएस्सी. त्यानंतर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन मटेरियल्सच्या एमटेकला जाता येतं (पात्रता त्या त्या संस्थेची बघावी लागते), संशोधनच करायचं असेल तर तामिळनाडूत कराईकुडीची सेक्री (केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था) आहे, गंजावरचं काम तिथे कित्येक वर्षं चालतं.

आणि हो, ऑफर लेटरवर डिपार्टमेंट काय लिहिलंय ते बघून कळवा. नुसतं प्रॉडक्शन असेल तर जॉइन व्हायच्या आधीच लॅबमध्ये रोटेशन मागायला लावा, नंतर कोणी देत नाही.