शेत बटाईने देण्याआधी

प्रिय भाच्या,

जय ख्रिस्त.

तुझं पत्र पोहोचलं. बायबल कॉलेजचं शेवटचं वर्ष संपतंय, आता पूर्णवेळ सेवेत उतरायचं, बापाचं शेत निमबटाईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, द्यायचं आणि मोटारसायकल घेऊन फळ्या-फळ्यांतून, वस्त्या-वस्त्यांतून फिरायचं, असं तू लिहिलंस. सेवेला माझी ना नाही. शेत द्यायला मात्र आहे.

आपल्या नवापूर भागात माणूस त्याच्या शेतावरून ओळखला जातो. आवणीच्या, भाताची रोपं लावायच्या दिवसांत जो गुडघाभर चिखलात दिसत नाही, त्याला लोक खाट टाकून देतात, चहा पाजतात आणि मनातलं काही सांगत नाहीत. पाठ वळली की म्हणतात, "त्याला पगार आहे, तो बोलणारच." पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता, हे प्रेषितांच्या अठराव्या अध्यायात आहे, मी तुला काय सांगावं, तू तर त्यावर परीक्षा दिलीस.

आवणीला आपण एकमेकांच्या शेतात पाळीपाळीने जातो. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्याच्या शेतात होतो. तो दरवर्षी देवमोगरेला जाणारा, आदिवासींच्या याहामोगी देवीचा भक्त. रोपांच्या जुड्या बांधावर टाकून बिडी पेटवायला बसला आणि मला म्हणाला, "तुम्ही लोक मेलेल्याला नैवेद्य दाखवत नाही. मग तुझ्या बापाला वाईट वाटत नसेल?" असा प्रश्न तुला सभेत माईकवरून बोलताना कुणी विचारणार नाही. तो बांधावरच येतो, कंबर मोडल्यावर. आणि त्याला वहीतलं उत्तर चालत नाही. मी बराच वेळ गप्प राहिलो, मग बापाबद्दलच बोललो. तो शेवटपर्यंत ऐकत होता. याला सुवार्ता म्हणायचं की नाही ते तुझे प्राध्यापक ठरवोत.

तेव्हा कार्यक्रमाची वही शेताच्या हिशेबाने मांड. जूनमध्ये पेरणी आणि जुलैत आवणी असताना संजीवन सभा लावायची नाही, मोठा वक्ता फुकट येत असला तरीही. दिवाळीनंतर भात खळ्यावर येतो, तूर त्याच्यामागून. (आपल्या तुरीच्या डाळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भाव मात्र अजून व्यापारीच सांगतो.) भात घरात आलं की कापणीचा सण. त्या दिवशी वेदीपुढे भोपळे, तुरीच्या शेंगा, पाय बांधलेली कोंबडी असं सगळं येतं आणि उपासनेनंतर लिलाव होतो. मंडळीबाहेरच्या शेजाऱ्यांना त्या लिलावाला बोलाव. एकाच कोंबडीसाठी दोन साडू हट्टाला पेटलेले बघायला सगळ्यांनाच आवडतं.

पण त्याच सुमारास अर्धी फळी रिकामी होते. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला बारडोलीकडे जातात आणि उन्हाळ्यातच परततात. पाळक इथे रिकाम्या बाकांपुढे उपदेश करतो आणि मंडळी तिकडे पडावावर, तोडकऱ्यांच्या तळावर, झोपडीत. तू तिकडे जा. गेलास की आधी पेटी-ढोलकी काढू नकोस. हिशेबाची वही बघायला माग. उचल किती, टनाचा दर काय ठरला, आजारपणाचे खाडे कसे कापलेत, हे मोठ्याने वाचून दाखव आणि तेही अंगठा उठवण्याआधी. मुकादम चिडेल. तोही कदाचित आपल्याच मंडळीचा असेल, मग जास्तच चिडेल. कुठली मुलं आईबापांबरोबर आली आहेत त्याची यादी करून गावच्या शाळेत दे, नाहीतर जूनमध्ये ती आधीच्याच वर्गात बसतात किंवा बसतच नाहीत.

आता दुखण्याचं. यात मी कडक आहे. सिकलसेल, आईबापांकडून येणारं रक्ताचं दुखणं, आपल्या लोकांत घरोघर आहे, भिल्लांत, मावचींत, पावऱ्यांत. सांधे धरले, पोटात कळा आल्या, डोळे पिवळे झाले की लोक भगताकडे जायचे. आता काही जण आपल्याकडे येतात. प्रार्थना जरूर कर, रात्रभर कर, पण गाडी आधी चिंचपाड्याच्या दवाखान्याकडे नाहीतर सरकारी रुग्णालयाकडे वळव. कुणी साक्ष देताना "प्रभूने बरं केलं, गोळ्या सोडल्या" म्हणालं, तर भर सभेत त्याला हायड्रॉक्सियुरिया, ही सिकलसेलची गोळी, पुन्हा सुरू करायला सांगायची हिंमत ठेव. सर्पदंशाला तर घटकाभरही थांबायचं नाही. आणि लग्नाच्या घोषणा मंडळीत वाचण्याआधी, खरं तर सोयरीक पक्की व्हायच्याही आधी, दोन्ही घरची सिकलसेलची कार्डं माग. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची असते. हे पाळकाने सांगितलं तर लोक ऐकतात, आरोग्यसेविकेने सांगितलं तर लाजतात. नाही म्हणायचं की हो म्हणायचं ते त्यांनी ठरवावं. त्यांना माहीत असलं पाहिजे, एवढं तुझं काम.

लग्नांत दारूवरून भाऊबंदांशी तुझं वाजेल. वाजू दे, पण मांडव सोडून निघून येऊ नकोस. पंगतीत बस, वाढायला लाग. दारू सोडायची शिकवण आपणच आणली असंही बोलू नकोस. 1937-38 च्या सुमाराला तळोद्याकडे गुलाम महाराजांच्या मागे हजारो आदिवासींनी दारू टाकली होती, आणि त्यात मिशनचा काही हात नव्हता. मिशनऱ्यांचं ऋण आहेच. स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात तापाने फणफणत फिरली. पण तू त्यांच्यासारखा परक्या मुलखात येत नाहीस. तुझा काका अजून डोंगऱ्यादेवाची पूजा करतो, आणि तुझ्या बापाला खांदा द्यायला तोच पहिला उभा होता. त्याच्या देवाबद्दल वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही.

धान्य, औषध, वसतिगृहातली जागा यांच्याबदल्यात कुणाला उपासनेला बोलवायचं नाही. कायदा आहेच, घटनेचं 25 वं कलम धर्म सांगायचा हक्क देतं, ओढून आणायचा नाही. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. बदल्यात आलेला माणूस पुढच्या वर्षी दुसरं कुणी जास्त दिलं की तिकडे जातो, आणि त्याला दोष देता येत नाही. 1998 च्या नाताळात शेजारच्या डांगात प्रार्थनाघरं जाळली गेली. तिथे आपल्या लेकी दिल्या आहेत, त्या रात्री इकडेही कुणी झोपलं नाही. म्हणून मोठी सभा घ्यायची असेल तर पोलीस पाटलाला आणि सरपंचाला आधी भेट. लपूनछपून काही नको, भोंगाही दहाच्या आत बंद.

तिकडे तुझी मराठी फार छापील झाली आहे, मागच्या प्रार्थनेत तुझ्या आजीला अर्धं कळलं नाही. तिच्याशी मावचीतच बोल.

बटाईचा कागद अजून केला नसशील तर थांबव. बैलजोडी विकली असेल तर माझी घेऊन जा, पण आवणीच्या पहिल्या चार दिवसांत मला लागेल. भाताचं बी मी राखून ठेवलंय. राबाची, म्हणजे रोपं करायची, जागा भाजायची राहिली आहे, वळवाच्या आधी ये.

तुझा,
मामा