आधी तोंड, मग हात

(पखवाज, तबला, ढोलकी, घुमट (गोव्याकडचं, तोंडावर कातडं ताणलेलं मडकं), हातानं वाजवायचं काहीही असो, वाचक विचारतात आणि जमेल तशी उत्तरं देतो. या वेळची पत्रं ऐन पावसाळ्यातली आहेत.)

प्रश्न : मी ५८ वर्षांची, बँकेतून रिटायर झाले. सोसायटीत आमचं महिला भजनी मंडळ आहे, पेटी आहे, टाळ आहेत, पण पखवाजाला दर वेळी बाहेरून कुणालातरी बोलवावं लागतं आणि तो आला नाही की भजन कॅन्सल. मला शिकायचंय. घरचे म्हणतात आता बोटं वळायची नाहीत, आणि बायका कुठं पखवाज वाजवतात. खरंच उशीर झालाय का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, बोटं वळायची काळजी तबल्याच्या विशारदला बसणाऱ्यानं करावी, तुम्हाला भजन धरायचंय. पखवाजाचा हात उघडा असतो, पंजाच्या थापेवर बरंचसं काम होतं, तबल्यासारखं बोटांच्या टोकावर सगळं येत नाही, त्यामुळे तुमच्या वयाला पखवाज मला उलट सोयीचा वाटतो. त्रास झालाच तर मांडी घालून दोन तास बसायचा होईल. आणि बायकांचं म्हणाल तर मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्रींनी तबल्याचे सोलो कार्यक्रम केले, ग्रंथ लिहिले, विद्यार्थी घडवले, तेव्हा हे वाक्य घरच्यांनी चहाबरोबर गिळून टाकावं.

आता कामाचं. पहिले पंधरा दिवस वाद्य विकत घेऊ नका. खरंच नका घेऊ. आधी ठेका तोंडात बसला पाहिजे. साधा केरवा घ्या, धा गे ना ती, ना क धी ना, आठ मात्रा. पहिल्या मात्रेवर टाळी, पाचवीला हात नुसता बाजूला, टाळी नाही, त्या मात्रेला 'खाली' म्हणतात. पोळ्या लाटताना म्हणा, लिफ्टमध्ये म्हणा (कुणी बघितलं तर बघू दे), आणि म्हणता म्हणता मध्येच फोन वाजला, बोलून झाला आणि परत त्याच स्पीडला सुरू करता आलं की समजा बसला. मी शिकायला गेलो तेव्हा गुरुजींनी दीड महिना पखवाजाला हात लावू दिला नव्हता, मला वाटायचं फी वसूल करतायत. नंतर पहिल्यांदा थाप मारली तेव्हा कळलं की हाताला कुठं जायचंय ते आधीच माहीत होतं.

आळंदी तुम्हाला जवळ आहे, तिथं जाऊन एक दिवस नुसतं ऐका. जोग महाराजांनी १९१७ साली तिथं वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, आज गावात गल्लोगल्ली मृदंग शिकणारी पोरं दिसतात (वारकरी मृदंगच म्हणतात, वाद्य तेच). त्या पोरांचं तोंड बघा, हात नको. ओठ हलत असतात.

एक सांगून ठेवतो, तुम्ही वाजवायला लागलात की टाळवाल्या पळणार. अभंग रंगला की सगळ्यांनाच घाई होते, पुढं लग्गी (ठेक्याचा जलद, रंगतदार भाग) येणार म्हणून हात शिवशिवतात. तुम्ही पळायचं नाही. त्या रागावतील, पळायचं नाही म्हणजे नाही.

प्रश्न : पखवाजाच्या एका बाजूला काळी शाई आणि दुसऱ्या बाजूला कणीक, हे काय आहे? मुलगा बारावी सायन्सला आहे, तो म्हणतो यात फिजिक्स असणार. – एक वाचक, सांगली

उत्तर : मुलगा बरोबर बोलतोय. नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातून निघणारे स्वरांश एकमेकांच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून दणका ऐकू येतो पण सूर असा सापडत नाही. मध्यभागी शाईचं वजन दिलं की ते बऱ्यापैकी पटीत येतात आणि वाद्य सुरात बोलायला लागतं. हे सी. व्ही. रामन यांनी प्रयोग करून दाखवलं, १९२० साली त्यांचं टिपण 'नेचर'मध्ये छापून आलं. शाई भरणाऱ्या कारागिरांना हे हातानं आणि कानानं ठाऊक होतंच, लोहकीस आणि खळ यांचा थर द्यायचा, घोटायचा, परत थर, परत घोटायचा, ज्यानं बघितलंय त्याला माहीत आहे किती वेळ जातो.

डावीकडची कणीक वेगळ्या कामाची. तिनं आवाज खाली उतरतो आणि तो घुमणारा खर्ज मिळतो. आधी कातडं जरा ओलं करायचं, मग पुरीएवढा गोळा मधोमध दाबून बसवायचा, आवाज अजून खाली हवा तर थोडी वाढवायची, जास्त झाली तर खरडायची. वाजवून झालं की सगळी काढून पुसून ठेवायची, नाहीतर रात्री मुंग्या येतात, मुंग्या परवडल्या पण उंदीर आला तर पुडीच (तोंडावरचं कातडं) गेली. आता डाव्या बाजूलाही कायमची शाई भरलेले पखवाज मिळतात, प्रवासाला सोपे, पण मला तो आवाज कोरडा वाटतो, हे माझं मत आहे, भांडायला येऊ नका.

माझी फजिती सांगतो. एका एकादशीला कुणाच्यातरी घरी भजन, मी कणीक घट्ट मळलेली, वर फुल स्पीडमध्ये पंखा, तिसऱ्या अभंगाला गोळा वाळून सुटला आणि थेट मांडीवर. दुसरी कणीक मागावी तर घरात सगळ्यांना उपवास, साबुदाणा आहे, भगर आहे, शिंगाड्याचं पीठ आहे, गव्हाची कणीक नाही! शेवटी शेजारच्या फ्लॅटमधून वाटीभर आणली, तोवर बुवांनी नुसत्या टाळांवर दोन अभंग काढले आणि लोकांना ते जास्त आवडले असं मला उगाच वाटत राहिलं.

प्रश्न : गणपतीत घुमट आरतीसाठी नवीन घुमट घ्यायचंय. घोरपडीच्या कातड्याचं मिळेल का, आवाज तसा येतो म्हणतात. – एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, कुणी लपूनछपून देत असेल तर घेऊ नका. बकऱ्याच्या कातड्याचं घ्या, २०१९ला गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं तेही बकऱ्याचं कातडं वापरात आल्यावर. आवाज थोडा वेगळा येतो हे खरंय, पण समेळ आणि कांसाळं (सोबतचा ढोल आणि झांजा) जोरात लागली की कुणाला फरक कळतो ते मला दाखवा. मडकं मात्र टिचकी मारून बघून घ्या, बद्द वाजलं तर चीर असते.

प्रश्न : वडील मार्चमध्ये गेले. मूळचे वाईकडचे, आयुष्यभर भजनात पखवाज वाजवला. तो आता माझ्याकडे बंगलोरला आहे, मला वाजवता येत नाही. विकू, कुणाला देऊ, की ठेवू? गाडी चालवताना ते स्टिअरिंगवर बोटं वाजवत काहीतरी म्हणायचे, तेवढं आठवतं : धुमकिट धुमकिट तकिट तका, किटतक गदिगन. – एक वाचक

उत्तर : दादा, लगेच काही ठरवू नका. आधी गवसणी काढा आणि वाद्य बघा, पावसात गवसणीला आतून बुरशी येते. कोरड्या फडक्यानं पुसा, उन्हात ठेवू नका, कातडं फाटतं. वाजणार नसेल तर गट्टे (वाद्यांखाली अडकवलेले लाकडी ठोकळे) थोडे सैल करून घ्या, ताण कमी होतो. शोकेसमध्ये ठेवायचा विचार असेल तर मी नको म्हणेन, न वाजवता ठेवला तर वर्षादोनवर्षांत नवी पुडी घालावी लागते. त्यांच्या मंडळात कुणी पोरगं शिकत असेल तर त्याच्याकडे वाजायला द्या, देऊन टाका असं म्हणत नाही, वाजायला द्या.

वाईजवळच्या बावधनचे नानासाहेब पानसे, ज्यांनी एकोणिसाव्या शतकात इंदूरला पखवाजाचं घराणं उभं केलं, ते तुमच्याच भागातले. बाबांना बहुतेक हे माहीत असणार, त्या बाजूची भजनी माणसं सांगतातच.

आणि तुम्ही लिहिलेले ते बोल अर्धवट आहेत. गदिगन झालं की पुढं एक धा येतो, तो समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. स्टिअरिंगवर तो बाबांनी कुठल्या हातानं मारला, आठवून बघा.