आयरिसला पानं भरपूर येतात, पण फूल का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी दाढीवाल्या आयरिसचे (ज्याच्या फुलाच्या खालच्या पाकळ्यांवर दाढीसारखी लव असते) सहा कंद चार बोटं खोल लावले, वर पालापाचोळा पसरला, रोज पाणी घालता. पानं माजलीत, फूल एकही नाही, आणि दोन कंद कुजले. वाचून हसू आलं, कारण यातली प्रत्येक गोष्ट मीही केलेली आहे. तुमच्या झाडांचे लाड जास्त झालेत, एवढंच.

आपण ज्याला कंद म्हणतो ते खरं तर आयरिसचं खोड, आल्यासारखं आडवं वाढणारं. त्याच्या पाठीला ऊन हवं. चार बोटं मातीखाली गाडलं आणि वर ओला पाला घातला, की ते एक तर फुलायचं नाव घेत नाही, नाही तर कुजतं.

आता चारही कंद उकरा. नव्या खड्ड्यात मधोमध मातीचा उंचवटा करा आणि कंद त्यावर घोड्यावर मांड ठोकल्यासारखा बसवा, मुळं दोन्ही बाजूंनी खाली सोडा. मग माती ओढून घट्ट दाबा. काम झाल्यावर कंदाची पाठ डबक्यात बसलेल्या म्हशीसारखी वर दिसली पाहिजे. ऊन फारच कडक असेल तर पाठीवर एका बोटाच्या जाडीएवढी माती चालेल, त्याहून जास्त नको. दोन कंदांत ३० ते ४५ सेंटीमीटर अंतर ठेवा. जागा अशी निवडा जिथे दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन येतं आणि पाणी साचत नाही. चिकण माती असेल तर वाफा उंच करा.

उकरताना प्रत्येक कंद अंगठ्याने दाबून बघा. टणक लागला तर ठीक. अंगठा आत गेला आणि नाक मुरडावं असा वास आला तर ती जिवाणूंची कूज. माझा पहिला असा कंद मी टाकून द्यायला निघालो होतो, मग जुन्या चमच्याने खरवडत गेलो तर आत पांढरा, कडक गर निघाला. तेवढा भाग दोन दिवस उन्हात सुकवून दुसरीकडे लावला आणि तो जगला. चमचा, सुरी दर वेळी स्पिरिटने पुसा. हातमोजे घाला, कारण रसाने काहींच्या कातडीला खाज सुटते. कंद पोटात गेले तर विषारी असतात, तेव्हा पाळीव प्राणी असतील तर लक्ष ठेवा.

पाणी लावल्या लावल्या भरपूर, नंतर वरची माती सुकल्यावरच. शेणखत, युरिया बंद. नत्र जास्त झालं की पानंच येतात आणि कंद मऊ पडून कुजायला सोपा होतो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली: एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. पुढची फुलं त्याच्या कुशीत फुटलेल्या पिल्लांना येतात. त्यामुळे तीन-चार वर्षांनी गर्दी झाली की बहर संपल्यावर सहा-आठ आठवड्यांनी गड्डा उकरायचा, पिल्लं मोडून वेगळी लावायची, म्हातारा कंद फेकायचा. लावताना पानं पंख्यासारखी वीतभर ठेवून छाटा. हलवलेलं झाड पहिल्या वर्षी बहुधा रुसतं, तेव्हा पुढच्या बहरात फूल नाही आलं तर लगेच पुन्हा उकरू नका.

हे सगळं दाढीवाल्या आयरिसचं. तुमचा कंद कांद्यासारखा गोल असेल तर तो डच आयरिस, त्याला मात्र दहाएक सेंटीमीटर खोलच लावायचं. आणि हिवाळ्यात तुमच्याकडे थंडी किती पडते ते लिहिलं नाहीत. दाढीवाल्या बहुतेक जातींना फुलायला थंडी लागते. ती नसेल तर हे सगळं नीट करूनही पानंच बघत बसाल, त्यापेक्षा उष्ण हवेत आणि ओल्या मातीत रमणारं लुइझियाना आयरिस लावा.