बूथच्या भोकातून: वाचकांचे प्रश्न, ऑपरेटरची उत्तरं

(डिचोली परिसरातल्या एका टॉकीजच्या बूथमध्ये, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीत, ३२ वर्षं ऑपरेटर म्हणून काम केलेले आमचे काका या वेळी सिनेमा आणि सिनेमाघरांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

काका, जूनमध्ये मी मुलाकडे अमेरिकेला, पेनसिल्व्हेनियाला चाललेय. तो म्हणतो, तुला ड्राइव्ह-इनला नेतो. गाडीत बसून सिनेमा बघायचा, त्यात एवढं काय? आणि सोबत काय न्यावं? – एक वाचक, म्हापसा

ताई, जाच. मीही मुलीकडे गेलो होतो तेव्हा नाक मुरडतच गाडीत बसलो होतो. मुलाला सांगा, ऑरफिल्ड गावचं शँकवायलर्स गाठ. ते १९३४ सालचं. आज चालू असलेल्या ड्राइव्ह-इनमध्ये जगात सगळ्यांत जुनं तेच. जगातलं पहिलं त्याच्या आदल्याच वर्षी, जून १९३३ मध्ये, न्यू जर्सीत कॅम्डनजवळ रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी उघडलं. हा गृहस्थ मला फार आवडतो. त्याने आधी घरच्या अंगणात सगळं करून पाहिलं. बॉनेटवर प्रोजेक्टर, दोन झाडांना ठोकलेली चादर, चादरीमागे रेडिओ. पुढच्या गाडीआड मागच्यांना दिसेना, म्हणून चाकांखाली ठोकळे घातले. त्यातूनच उतरत्या बांधांची कल्पना निघाली. त्या बांधावर गाडी नाक वर करून उभी राहते, आणि पेटंट मिळालं तेही याच रचनेला. पावसात दिसेल का, हे बघायला पठ्ठ्याने बागेतला पाण्याचा फवारा काचेवर मारून घेतला. जुलैत डिचोलीला आला असता तर फवाऱ्याचा खर्च वाचला असता.

आता कामाचं. जूनमध्ये तिकडे सूर्य मावळायलाच साडेआठ होऊन जातात, म्हणजे सिनेमा नऊनंतर. जोडीला दुसरा असला तर मध्यरात्र उलटलीच म्हणून समजा. दुपारी झोप काढून जा. आवाज गाडीच्या एफएम रेडिओवर येतो (पूर्वी खांबावरचा छोटा स्पीकर काढून गाडीच्या काचेला अडकवायचे). इथे आमचं हसं झालं. जावयाने इंजिन बंद करून रेडिओ लावला, पण पुढचे दिवे काही केल्या विझेनात. तीन बटणं दाबून झाली, चौथ्याने वायपर चालू झाला. शेवटी मुलीने मागच्या सीटवरचे दोन टॉवेल दिव्यांवर टाकले. इंटरव्हलपर्यंत बॅटरी बसली. शेजारच्या गाडीवाल्याने केबल लावून गाडी चालू करून दिली आणि वर आमच्याकडचे शंकरपाळे खाल्ले. तेव्हा दिवे कसे बंद होतात ते घरीच शिकून घ्या आणि सेलवर चालणारा एक रेडिओ बरोबर ठेवा. चादर, स्वेटर, डासांचं मलम. बाकी खाणं मात्र तिथल्या खिडकीवरच घ्या. तिकिटातला मोठा वाटा वितरकाकडे जातो, थिएटर चालतं ते पॉपकॉर्नवर. आमच्या टॉकीजमध्येसुद्धा मालकाचा चेहरा खुलायचा तो हाऊसफुल्लच्या पाटीने नाही, इंटरव्हलला मिरची भज्यांची परात रिकामी झाली की.

घरटी दोन-दोन गाड्या असलेल्या गोव्यात ड्राइव्ह-इन का चालू नये? – एक वाचक, फोंडा

पाऊस आणि जमीन. जून ते सप्टेंबर आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे चार महिने कुलूप. उरलेल्या दिवसांतही खेळ फक्त अंधार पडल्यावर. दिवसातून एका खेळासाठी एवढी मोकळी जमीन कोणता भाटकार (जमीनमालक) अडकवून ठेवील? अहमदाबादचं सनसेट ड्राइव्ह-इन १९७३ पासूनचं, पण तिथला पाऊस आपल्या चौथ्या हिश्शाएवढा. मुंबईत वांद्र्याला जुनं होतं ते बंद पडलं. २०२१ मध्ये बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) नवीन झालं ते चक्क मॉलच्या गच्चीवर, २९० गाड्यांचं. जमीन परवडेना तर गच्ची! अमेरिकेतही १९५० च्या दशकाअखेरीला चार हजारांच्या आसपास होती, आता शेकड्यांत मोजायची. तिथेही बऱ्याच ठिकाणी जमिनीच्या भावानेच घात केला.

आजोबा, मला गोव्यातली जुनी थिएटरं बघत फिरायचंय, फोटो काढायचेत. पण बरीचशी बंद आहेत. बंद थिएटरात बघायचं काय? – एक विद्यार्थिनी, साखळी

बाय, फोटो सगळे समोरून काढतात. तू मागून काढ.

पण आधी कुठे जायचं ते. पणजीत नॅशनल आणि एल डोराडो. तिथलंच सम्राट-अशोक, जिथे हल्ली इफ्फीचे (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे) खेळही होतात. म्हापशात अलंकार आणि एल कॅपिटन, वास्कोत एल मोंते, मडगावात लता, विशांत, मेट्रोपोल. आमच्या डिचोलीत हिरा. परगावचे लोक 'एल' ऐकून "वा, पोर्तुगीज नाव!" म्हणतात. पोर्तुगीजमध्ये 'ओ' लावतात, 'एल' स्पॅनिश. ते का लावलं असेल ते लावणारेच जाणोत, कानाला भारदस्त वाटतं एवढं खरं.

आता बंद थिएटराचं. छपराकडे बघ. पडद्याच्या विरुद्ध टोकाला, बूथच्या वर, पत्र्याचं धुराडं दिसलं तर समज, इथे कार्बन जळलाय. माझी निम्मी नोकरी त्या धुराड्याखाली गेली. लॅम्पहाऊसमध्ये, म्हणजे प्रोजेक्टरच्या दिव्याच्या पेटीत, तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर, एक जाड, एक बारीक. टोकं एकमेकांना टेकवायची आणि लगेच किंचित मागे घ्यायची. मध्ये जो जाळ धरतो त्याच्याकडे काळ्या काचेतूनच बघायचं. कांड्या झिजत जातात, म्हणून सारख्या पुढे सरकवायच्या. अंतर चुकलं की पडदा पिवळा पडतो आणि खाली शिट्ट्या. आमच्याकडे त्यात खाणींची लाल धूळ. ट्रकांच्या रांगा रस्त्यावरून गेल्या की बूथच्या काचेवर तांबूस थर बसायचा. प्रत्येक खेळाआधी धुतलेल्या सुती फडक्याने काच पुसायची, नाहीतर नायिकेच्या पांढऱ्या साडीला गेरूचा रंग.

आत सोडलंच कोणी, तर पडद्याला पाठ करून उभी राहा आणि मागच्या भिंतीतली भोकं मोज. एका प्रोजेक्टरला दोन, एक प्रकाशाचं आणि एक ऑपरेटरच्या डोळ्याचं. चार दिसली तर दोन मशिनं होती. दोन लागायचीच. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं, तीन तासांच्या सिनेमाला अशी आठ-नऊ. एक संपत आलं की दुसरं मशीन चालू करायचं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर गोल ठिपका क्षणभर चमकतो, की मोटर चालू. सात सेकंदांनी दुसरा ठिपका, की इकडची झडप बंद आणि तिकडची उघडी. खाली कुणाला पत्ता लागला नाही तर तो ऑपरेटर चांगला. खालच्यांना फक्त चुकलेला ऑपरेटर माहीत असतो, आणि त्याला ते आईवरून हाक मारतात.

थिएटर चालू असेल तर फुकट आत शिरू नकोस. तिकीट काढ, सिनेमा कसाही असो. आणि पावसाळ्यात एकदा तरी पत्र्याच्या छपराखाली बस. जोराची सर आली की आम्ही आवाज वाढवायचो, सर थांबली की कमी करायला विसरायचो.

बाल्कनी चांगली की खालचा स्टॉल? – एक वाचक, पेडणे

पडद्यापासून हॉलच्या दोन-तृतीयांश अंतरावर, मधोमध. मग ती खुर्ची बाल्कनीत येवो नाहीतर स्टॉलमध्ये.

हे ऐकीव सांगतोय हं, कारण नोकरीत असताना मी कुठल्याच खुर्चीत बसलो नाही. हजारो खेळ दाखवले, सलग पाहिला एकही नाही. सलग पहिला पाहिला तो वर लिहिलेल्या त्या अमेरिकेतल्या ड्राइव्ह-इनमध्ये, टॉवेल टाकलेल्या दिव्यांमागे बसून. आता सगळं डिजिटल. रीळ नाही, ठिपका नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी दर वीस-बावीस मिनिटांनी मान वर उजवीकडे वळायची. मुलीने दोनदा विचारलं, "बाबा, त्या कोपऱ्यात काय बघताय?"