पात्राचे नाव आधी विचारा

प्रश्न : माझा धाकटा भाऊ गेली तीन वर्षे दर आठवड्याला चार मित्रांबरोबर टेबलावरचा रोल-प्लेइंग गेम खेळतो. मला त्यातले काही कळत नाही. कागद, पेन्सिली आणि चित्रविचित्र आकाराचे फासे तेवढे दिसतात. वाढदिवसाला त्याच्या या छंदाशी जोडलेले काहीतरी द्यायचे मनात आहे, पण आणलेली वस्तू त्याच्याकडे आधीच असेल किंवा त्याच्या उपयोगाची नसेल, अशी धास्ती वाटते. काय द्यावे?

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे, कारण या छंदातल्या वस्तू बाहेरच्या माणसाला एकसारख्या दिसतात आणि खेळणाऱ्याला मात्र त्यांतला फरक लगेच जाणवतो. आधी खेळ थोडक्यात समजून घेऊ. टेबलाभोवतीच्या मंडळींपैकी एकजण गेम मास्टर असतो. तो गोष्टीतले जग, त्यातली माणसे आणि संकटे उभी करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र निभावतात आणि आपले पात्र आता काय करणार ते बोलून दाखवतात. जिथे यशाची खात्री नसते तिथे फासा टाकून निकाल लावतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराची सुरुवात झाली. आज असे शेकडो खेळ आहेत आणि प्रत्येकाचे नियम निराळे आहेत. म्हणून भावाला, किंवा गुपित राखायचे असेल तर त्याच्या एखाद्या मित्राला, तो कोणता खेळ खेळतो आणि त्याची कोणती आवृत्ती वापरतो, हे आधी विचारून घ्या. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चेच उदाहरण घ्या. त्याची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली आणि तिचे मूळ नियमग्रंथ २०२४ पासून सुधारित रूपात निघाले. जुन्या नियमांवर गोष्ट अर्ध्यावर आलेल्या गटाला नवा, महागडा ग्रंथ दिला तर तो बराच काळ कपाटातच राहण्याचा संभव आहे.

फासे ही सर्वांना प्रथम सुचणारी भेट, आणि ती वाईट मुळीच नाही. नेहमीच्या संचात ७ फासे असतात : ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचा प्रत्येकी एक, आणि १० बाजूंचे दोन, ज्यांतल्या एकावर दहा-दहाच्या टप्प्याने आकडे असतात. हे दोन एकत्र टाकले की १ ते १०० मधली संख्या मिळते. १९८१ सालच्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ या भयकथांच्या खेळाची मुख्य भिस्त या जोडीवर आहे. उलट ‘ब्लेड्स इन द डार्क’ला फक्त ६ बाजूंचे, तेही मूठभर फासे लागतात, आणि ‘फेट’मधल्या फाशांवर आकडेच नसतात, अधिक, उणे आणि कोरी अशा बाजू असतात. विकत घेताना फासा हातभर लांब धरून आकडा वाचता येतो का, ते पाहा. पारदर्शक राळेत सोनेरी चमकी आणि त्यावर सोनेरी आकडे असलेले संच खोक्यात अप्रतिम दिसतात, पण मंद उजेडात ते वाचायला प्रत्येक वेळी वाकावे लागते. आणखी एक गफलत हमखास होते. पत्त्यांच्या खेळात गुण मोजण्यासाठी २० बाजूंचाच एक फासा मिळतो. त्यावर २० च्या शेजारी १९, त्याच्या शेजारी १८ असे आकडे ओळीने उतरत जातात. तो मोजणीसाठी आहे, टाकण्यासाठी नव्हे. खऱ्या फाशावर आकडे विखुरलेले असतात आणि समोरासमोरच्या बाजूंची बेरीज २१ येते. धातूचे फासे हातात घेतले की त्यांचे वजन सुखावते, पण ते लाकडी टेबलावर खळगे पाडतात, म्हणून त्यांच्याबरोबर आतून मऊ अस्तर लावलेला ट्रे द्यावाच.

एवढे सांगूनही माझे खरे मत वेगळे आहे. तीन वर्षे खेळणाऱ्याकडे फासे असतातच, बहुधा गरजेपेक्षा जास्त असतात. त्याच्याकडे नसते ती अशी वस्तू, जी त्याच्या पात्राला ओळखते. एखाद्या संध्याकाळी निवांत बसून भावाला विचारा, “तुझ्या पात्राचे नाव काय? ते कुठून आले? कशाला घाबरते?” आणि मध्ये न बोलता ऐका. घरातल्या कुणी हा प्रश्न विचारावा याची हे लोक किती वाट पाहत असतात, याचा अंदाज बाहेरून येत नाही.

माझ्या भाचीचे पात्र होते एक वयस्क नावाडीण. तिचा एक डोळा अधू होता आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. त्या कोणत्या कुलपांच्या आहेत हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हते. भाचीने हे मला भाजी निवडता निवडता सांगितले होते. मी घरातल्या जुन्या, बिनकामाच्या ७ किल्ल्या शोधल्या, गंज घासून काढला, लोखंडी कडीत ओवल्या आणि तिला दिल्या. पुढच्या बैठकीला तिने तो जुडगा कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची सारी माहिती लिहिलेल्या कागदावर, ठेवला. गोष्टीत एक बंद दार आले तेव्हा ती काही बोलली नाही. तिने एक लांब दांड्याची किल्ली कडीतून सोडवली आणि गेम मास्टरच्या पुढ्यात सरकवली. त्याने ती उचलून उजेडात धरली, दाते मोजले, आणि त्या दारामागे काय आहे ते जागच्या जागी बदलले. त्या किल्ल्यांपैकी आता दोनच उरल्या आहेत, आणि त्या कशासाठी राखून ठेवल्या आहेत ते ती मला सांगत नाही.

हस्तकला जमत नसेल तर पात्राचे चित्र काढून घेणे ही उत्तम भेट ठरते. त्यासाठी हाताने काम करणारा चित्रकार गाठा, त्याला काही आठवडे द्या, आणि ‘शूर योद्धा’ एवढ्यावर न थांबता बारीक तपशील कळवा : तलवार कोणत्या हातात, व्रण कुठे, अंगावरचा झगा कुणी दिलेला. गेम मास्टर आणि इतर खेळाडूंकडून हे गुपचूप मिळवता येते. पात्राची छोटी मूर्तीही देता येते. साधारण २८ मिलिमीटरच्या मापाच्या मूर्ती या खेळांत रुळलेल्या आहेत. मात्र बिनरंगाची मूर्ती देण्यापूर्वी त्याला रंगकामाची आवड आहे का, ते पाहा. नसेल तर भेटीबरोबर त्याच्या गळ्यात एक अर्धवट काम पडते. फाशांची चित्रे छापलेले मग आणि टी-शर्ट टाळा.

प्रश्न : आम्ही पाचजण दोन वर्षे एकाच कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या एकाच लांब गोष्टीत, खेळत आहोत. गेम मास्टर ताईने आमच्यासाठी फार कष्ट घेतले आहेत आणि आता गोष्ट संपत आली आहे. सर्वांनी मिळून तिला काय द्यावे?

उत्तर : तिचे बरेचसे काम तुम्हाला दिसलेलेच नाही. प्रत्येक बैठकीआधी तिने नकाशे आखले, पात्रांना आवाज ठरवले, आणि तुम्ही डावीकडे वळाल म्हणून रचलेले शहर तुम्ही उजवीकडे वळल्यावर बाजूला ठेवले. टेबलावर उपयोगी पडेल असेच काही द्यायचे असेल, तर नकाशे काढण्यासाठी इंचाइंचाचे चौकोन आखलेला व्हिनाइलचा पट चांगला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये असा एक चौकोन गोष्टीतल्या ५ फुटांचा मानतात. पटासोबत ओल्या फडक्याने पुसले जाणारे मार्कर आठवणीने द्या, कारण पांढऱ्या फळ्यावरचे, कोरड्या फडक्याने पुसायचे मार्कर अशा बहुतेक पटांवर कायमचे डाग सोडतात. गोष्ट कशी रंगवावी हे शिकवणारे पुस्तक मात्र देऊ नका. तुमचा हेतू शुद्ध असला तरी दोन वर्षांच्या कष्टांनंतर ते सूचनेसारखे वाचले जाईल.

माझ्या मते तुम्ही पाचजणांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, प्रत्येकाने आपल्या पात्राच्या शब्दांत दोन-तीन पाने लिहावीत : कोणता प्रसंग त्याला विसरता येत नाही, तिने उभ्या केलेल्या कोणत्या लहानशा माणसावर त्याचा जीव जडला. त्यात जुन्या कॅरेक्टर शीट, खोडरबराच्या खुणांसकट, जशाच्या तशा घालून पुस्तक बांधून घ्या. गेम मास्टरला गोष्ट सांगताना आपले काय पोहोचले आणि काय हरवले ते कळत नाही, आणि या पानांतून ते तिला पहिल्यांदाच कळेल. दुसरी, तुमच्यापैकी एकाने एका रात्रीत संपणारी गोष्ट तयार करावी आणि ताईला खेळाडू म्हणून बसवावे. नेहमी गोष्ट सांगणाऱ्याला स्वतः खेळायला फार क्वचित मिळते. तिला कोणते पात्र व्हायला आवडेल हे आठवडाभर आधी विचारा, आणि त्या रात्री नियम चुकला तरी तिच्याकडे बघू नका. आपसांत ठरवा आणि पुढे चला.

प्रश्न : माझी ११ वर्षांची पुतणी गोष्टींमध्ये रमते. तिला या खेळाची ओळख करून देणारी भेट कोणती?

उत्तर : नवशिक्यांसाठीचा स्टार्टर बॉक्स घ्या. त्यात सहसा संक्षिप्त नियम, तयार पात्रे, एक छोटी साहसकथा आणि फासे असतात. खोक्यावरचे वय पाहून घ्या आणि भयकथांचे खेळ सध्या बाजूला ठेवा. पण हा खेळ एकटीने उघडून बसण्याचा नाही, म्हणून खोके देण्याआधी तुम्ही स्वतः नियम वाचा, साहसकथेचा पहिला भाग तयार ठेवा, तिच्या दोन मैत्रिणींना बोलवा आणि पहिल्या दिवशी गेम मास्टर तुम्हीच व्हा. पात्राचे नाव तिला ठरवू द्या, आणि ते ठरवायला तिला अर्धा तास लागला तरी घाई करू नका.